शरदातली वाई-कासची सहल: आधी तारीख, मग बाकी सगळं

"सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कधीही जा, सगळं हिरवंगारच असतं." साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला कोणी ना कोणी देतंच, आणि याच सल्ल्याने सगळ्यात जास्त सहली बिघडतात. पुण्याहून वाई, मेणवली, धोम, कास आणि लिंब असा फेरा मी घरच्यांना घेऊन नऊ वेळा केला आहे. सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, मधुमेह असलेले सासरे, दोन मुलं आणि अधूनमधून नणंदेचं कुटुंब. नऊपैकी तीन सहली फुकट गेल्या. रस्ता, जेवण, मुक्काम यांपैकी कशानेच नाही, तिन्ही वेळा तारखेने घात केला. त्यामुळे इथे तारखेवर जास्त लिहिते. औषधं, छत्र्या, गाडीची हवा हे तुम्ही सांभाळालच.

तीन दिवस आणि दोन रात्री हाताशी ठेवा. त्याहून कमी वेळ असेल तर फक्त वाई करा, कासचा हट्ट धरू नका.

तारीख

माझ्या फसलेल्या सहली अशा: एक 15 ऑगस्टच्या जोडसुट्टीत, एक गांधी जयंतीच्या आणि एक दिवाळीत. ऑगस्टमध्ये पठारावर धुकं आणि आडवा पाऊस. हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं आणि फुलांना अजून वेळ होता. गांधी जयंतीला साताऱ्याहून कासला चढणाऱ्या यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागली आणि आम्ही तीन तास जागचे हललो नाही. सासऱ्यांची जेवणाची वेळ टळली, त्यांना घाम फुटला, पिशवीत साखरेच्या गोळ्या होत्या म्हणून निभावलं. तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो. दिवाळीत रस्ता मोकळा, आकाश निळंशार आणि पठारावर वाळलेलं गवत. तिन्ही वेळा मी कॅलेंडरवरची लाल तारीख बघून निघाले होते. फुलं लाल तारखेला उमलत नाहीत.

कास म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट माथा. वरची माती काही ठिकाणी जेमतेम बोटभर. पावसाळाभर तिच्यात पाणी साचून राहतं आणि पाऊस ओसरला की भराभर आटतं. तेवढ्या मधल्या दिवसांत इथल्या झाडोऱ्याला फुलून, बी धरून मोकळं व्हायचं असतं. म्हणून बहर एवढा दाट आणि एवढा थोडका. रंगही एकदम येत नाहीत. आधी गेंदाचे पांढरे ठिपके दिसायला लागतात. मग तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा-निळा. शेवटी सोनकी आणि मिकी माऊस नावाचं फूल यांचा पिवळा. दोन-तीन रंगांची गाठ साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पडते. पाऊस लांबला तर हा काळ थोडा पुढे सरकतो. ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटला की उतरण सुरू. कारवी बरीच वर्षं थांबून एकदाच फुलते, तिच्यावर सहल बेतू नका. दिसली तर भाग्य.

आता पंचांग. फुलं पावसाच्या आणि उन्हाच्या हिशेबाने चालतात, सण चंद्राच्या. चांद्रवर्ष 354 दिवसांचं असल्याने सण दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे ढकलले जातात. म्हणून "गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आधी गेलो होतो, यंदाही तसंच जाऊ" हे गणित चुकतं. 2025 मध्ये पितृपक्ष 8 ते 21 सप्टेंबरला होता, म्हणजे थेट बहरावर. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आणि पितृपक्ष सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून 10 ऑक्टोबरपर्यंत. बहराचे बरेचसे दिवस गणपतीतच जातात. शिवाय 2 ऑक्टोबरला शुक्रवार, म्हणजे सलग तीन दिवसांची जोडसुट्टी. या वर्षासाठी माझं उत्तर एकच आहे: सोमवार 28 ते बुधवार 30 सप्टेंबर. विसर्जनं झालेली, जोडसुट्टी लागायची आणि पिवळा अजून पठारावर.

पितृपक्ष म्हटलं की घरात कोणीतरी थबकतंच. आमच्याकडे सासूबाई थबकल्या. "पितृपक्षात कुणी फिरायला जातं का गं?" मी वाद घातला नाही आणि तुम्हीही घालू नका. दिनदर्शिका घेऊन त्यांच्याजवळ बसा, घरातल्या श्राद्धाची तिथी कोणत्या वारी येते ते त्यांनाच विचारा आणि ते दिवस सोडून तारखा धरा. आम्ही आजेसासऱ्यांचं श्राद्ध घरी यथासांग केलं आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी निघालो. वाईच्या घाटावर पहाटे लोक तर्पण करत होते. ते बघून सासूबाई आपणहून पाण्याशी गेल्या, ओंजळभर कृष्णेचं पाणी सोडलं आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी तारखा त्यांनीच काढल्या. एरवी मिळत नाहीत त्या खोल्या या पंधरवड्यात निवांत मिळतात आणि रस्तेही मोकळे असतात.

राहिली शाळा. सहामाहीचं वेळापत्रक गणपतीआधीच मागून घ्या. परीक्षा आड येत नसेल तर आठवीच्या खालच्या मुलांचे तीन दिवस बिनदिक्कत बुडवा. वर्गशिक्षिकेला खरं कारण लिहून द्या, आजारपणाची खोटी चिठ्ठी नको. परीक्षा आड येत असेल तर शनिवार-रविवारी कासला जाण्यापेक्षा त्या वर्षी कास सोडा आणि दिवाळीनंतर नुसती वाई-मेणवली करा. नोव्हेंबरात घाटावरचं ऊन फार सुरेख असतं.

मुक्काम: वाईत, दोन्ही रात्री

पाचगणीला राहा असं सगळे सांगतात. घरात म्हातारी माणसं असतील तर ऐकू नका. रोज पसरणी घाटाने खाली-वर करण्यात त्यांचा जीव दमतो. साताऱ्यात राहिलात तर कास जवळ पडतं, साधारण 25 किलोमीटर, हे मान्य. वाईहून ते 60 च्या आसपास आहे. तरीही मी वाईच धरते, कारण कास बघायला एक सकाळ लागते आणि उरलेल्या दोन संध्याकाळी नदीकाठी घालवायच्या असतात. एक रात्र इथे, एक तिथे हा प्रकार तर करूच नका. बॅगा भरण्या-उघडण्यात, "माझा चष्मा कुठाय" मध्ये अर्धा दिवस जातो. खोली तळमजल्यावर आणि कमोडची हवी, हे फोनवर स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी मागून घ्या. एकदा "हो हो, आहे" ऐकून गेलो आणि सासूबाईंना दोन मजले चढावे लागले.

कासची नोंदणी

तारीख ठरली की त्याच दिवशी ऑनलाइन करा, सकाळची पहिली वेळ घ्या, पावती कागदावर छापून घ्या. वर मोबाइलची रेंज मिळेलच असं नाही.

पहिला दिवस: वाई, मेणवली, धोम

पुण्याहून सातला निघा, खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याला उजवीकडे वळा. अंतर 90 किलोमीटरच्या आसपास.

ढोल्या गणपती सगळे समोरून बघतात आणि परततात. तुम्ही मुलांना घेऊन देवळाच्या मागे जा. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा तिथे दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. 1762 मध्ये रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ इतके पूर पचवून उभं आहे. माझा धाकटा त्या भिंतीपाशी पाण्याची बाटली ओतून प्रयोग करत बसला होता, त्याला मी तासभर उठवलं नाही.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे पायऱ्यापायऱ्यांचा घाट आणि तिथल्या छोट्या देवळात पोर्तुगीजांची भली मोठी घंटा. 1739 च्या वसईच्या लढाईनंतर ती इथवर आली. इतिहास शिकवायला बसू नका, मुलांना घंटेवरची आकृती शोधायला सांगा, मग प्रश्न तेच विचारतील. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत आणि शेवाळलेल्या असतात. ज्येष्ठांना वरच्या टप्प्यावर सावलीत बसवा.

धोमला दुपार कलल्यावर जा. कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. कुंडात पाणी असेल तर तो पाण्यावर तरंगतोय असं वाटतं. धरणाच्या काठावर मुलांना एकटं सोडू नका.

दुसरा दिवस: कास

साडेपाचला निघा. हो, साडेपाच. उपमा किंवा धपाटे डब्यात आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि मधुमेही माणसाला गाडीतच खायला घाला, "वर जाऊन खाऊ" म्हणू नका. यवतेश्वर घाट नऊच्या आत मागे पडला पाहिजे.

गाडी फुलांपर्यंत जात नाही, पुढे चालायचं असतं. ज्यांना जमत नाही त्यांना जबरदस्तीने ओढू नका. सासूबाई दरवर्षी सुरुवातीच्या भागातच घडीच्या खुर्चीवर बसतात आणि तिथून दिसणाऱ्या तेरड्याने त्यांचं समाधान होतं.

पठारावर गेल्यावर लोक उभ्याने गालिचा बघतात, फोटो काढतात, वीस मिनिटांत परततात. तसं करू नका. वाटेच्या कडेलाच उकिडवे बसा. सीतेची आसवं हे फूल नखाएवढं, पण त्याच्या मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यांवर किडे अडकतात. मातीत नत्र फार कमी, म्हणून या झाडांनी किड्यांतून ते मिळवायची वाट शोधली. दहा रुपयांचं भिंग नेलंत तर मुलं दोन तास हलत नाहीत. वाट सोडून एक पाऊलही टाकू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. त्या बोटभर मातीवर बूट पडला की पुढच्या वर्षीचं बी दडपलं जातं. पश्चिम घाटासोबत 2012 मध्ये हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पण ते राखायचं काम आजूबाजूच्या गावांतली माणसंच करतात. त्यांनी शिट्टी वाजवली तर थांबा, हुज्जत घालू नका.

अकराच्या सुमारास परत फिरा. दुपारनंतर ढग दाटतात, परतीचा पाऊस विजांसकट येतो आणि माथ्यावर आडोसा नाही. कासच्या पुढच्या बामणोलीचा बेत कोणी मांडला तर तो पुढच्या वर्षावर टाका. एका दिवसात कास, बामणोली आणि ठोसेघरचा धबधबा कोंबणारी माणसं तिन्ही ठिकाणी फक्त वाहनतळ बघतात. साताऱ्यात जेवा, कंदी पेढे घ्या आणि चारपर्यंत वाईच्या घाटावर या.

तिसरा दिवस: लिंब आणि घर

सामान गाडीत टाकून पाचवडमार्गे महामार्गाला लागा आणि साताऱ्याच्या अलीकडे लिंबला वळा. बारा मोटेची विहीर शाहू महाराजांच्या काळातली, 1719 ते 1724 दरम्यान बांधलेली. पायऱ्या उतरून गेलं की विहिरीच्या पोटातच महालासारखं दालन आहे. तिथून वर डोकावलं की मोटा जिथे चालायच्या त्या जागा दिसतात. आत फार वारा नसतो, पण गारवा असतो. कठड्याशी मुलांचा हात धरा.

इथे तास-दीड तास पुरतो. जेवण महामार्गावर उरका आणि तीनच्या आत खंबाटकीचा बोगदा ओलांडा. उशीर झाला तर कात्रजच्या अलीकडे ऑफिस सुटायच्या वेळेच्या गर्दीत सापडता, आणि तीन दिवसांनी थकलेली म्हातारी माणसं तिथे गाडीत बसून राहतात.