व्यापारयुद्धाची बातमी कशी वाचावी

निर्णय केवळ जाहीर झाला आहे की अमलात आला आहे, हे प्रथम पाहावे, कारण वाटाघाटींत दबाव आणण्यासाठी केलेल्या घोषणा अनेकदा पुढे ढकलल्या जातात. त्यानंतर पैसे कोण भरतो, ते शोधावे. आयातशुल्क परकी सरकार भरत नाही. ते आयात करणारी कंपनी आपल्याच देशाच्या तिजोरीत भरते आणि स्वतःचा नफा घटवून, पुरवठादाराकडून किंमत कमी करून घेऊन किंवा ग्राहकाकडून वसूल करून तो भार वाटून टाकते. एवढे पक्के ठाऊक असले, तर नेत्यांची बरीच भाषणे तपासता येतात.

मग प्रत्युत्तर पाहावे. जुलै 2018 मध्ये अमेरिकेने सुमारे 34 अब्ज डॉलरच्या चिनी मालावर 25 टक्के शुल्क लावले, तेव्हा चीनने तितक्याच किमतीच्या अमेरिकी मालावर शुल्क लावताना सोयाबीनवर बोट ठेवले. माझ्या मते ही निवड शेतकरी मतदारांकडे पाहून केलेली होती.

जिथे माणसे मरत आहेत, तिथले आर्थिक उपाय याच मापाने मोजू नयेत. रशियाने 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे 300 अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. मात्र गोठवल्याने मालकी बदलत नाही. निर्बंधांइतक्याच बारकाईने सवलती वाचाव्यात: युरोपला वायू हवा असल्याने, वायूचे पैसे ज्या रशियन बँकेतून दिले जात त्या गॅझप्रोमबँकेला सुरुवातीला स्विफ्टमधून, म्हणजे बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून, वगळले नव्हते.