दीड वर्षात, ६३ हजारांत: घरच्या ५.१ संचाचे स्पीकर एकेक करून कसे बदलावेत

बहुतेक घरांत पहिलं होम थिएटर एका खोक्यातून येतं. पाच छोटे स्पीकर, वूफरचा, म्हणजे खालच्या घुमणाऱ्या आवाजाचा, एक मोठा डबा (म्हणून नाव ५.१) आणि ॲम्प्लिफायर त्या डब्याच्याच पोटात. दोन-तीन वर्षांनी कळतं की संवाद नीट ऐकू येत नाहीत आणि हाणामारी सुरू झाली की डबा नुसता घुमतो. मग अख्खा संच विकून जरा महागातला नवा खोका आणायचा विचार सुरू होतो. तो विचार सोडून द्या. त्या खोक्यातला एकही भाग पुढे सुटा बदलता येत नाही, त्यामुळे काही वर्षांनी तुम्ही पुन्हा तिथेच उभे राहाल. सुटे भाग घेताना कुठलीही वस्तू दोनदा विकत घ्यावी लागू नये, हा एकच नियम धरून खालचा क्रम लावला आहे.

महिन्याला ३,५०० रुपये बाजूला काढले तर १८ महिन्यांत ६३,००० जमतात. चौथ्या महिन्याच्या अखेरीस वापरलेला एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर), १४,०००. नवव्या महिन्यात पुढच्या बुकशेल्फ (शेल्फवर मावणाऱ्या) स्पीकरची जोडी, १५,५००, आणि वायर वगैरे मिळून २,०००. तेराव्यात सबवूफर (फक्त खालच्या आवाजाचा स्पीकर), १४,०००. उरलेल्या १७,५०० पैकी सेंटरला (टीव्हीजवळच्या मधल्या, संवादांच्या स्पीकरला) ९,००० आणि मागच्या जोडीला ८,५००. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, क्रम मात्र हलवू नका.

पैसे साठेपर्यंत फुकटात होणारी कामं

आधी तुमचा जुना संच खरोखर ५.१ आहे का ते पाहा. मागे फक्त ऑक्स, यूएसबी आणि ब्लूटूथ असेल तर तो डावा-उजवा एवढे दोनच चॅनेल घेतो आणि तेच सगळ्या स्पीकरमध्ये वाटून देतो. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय असेल आणि आत डॉल्बीचा डीकोडर (चॅनेल वेगळे करणारा भाग) असेल, तरच टीव्ही पाहताना मागच्या स्पीकरमधून वेगळा आवाज येतो. खोक्यावरचे ‘५००० वॉट पीएमपीओ’ वगैरे आकडे विसरा. आरएमएस (सलग चालणारे) वॉट तेवढे वाचायचे.

मग खोलीकडे वळा. आपल्याकडच्या फ्लॅटचा हॉल म्हणजे विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल. बसायच्या जागी उभे राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा धातूसारखा आवाज मागे राहिला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत आवाज ये-जा करतोय. कपाटातली जाड गोधडी काढून तात्पुरती बाजूच्या भिंतीवर लटकवा आणि पुन्हा टाळी वाजवा. फरक जाणवला तर त्या भिंतीला पुस्तकांचं शेल्फ किंवा जाड पडदा द्या, आणि टीव्ही व सोफा यांच्यामध्ये जाडसा गालिचा टाका. संवाद अस्पष्ट असण्याचं कारण पुष्कळदा स्पीकर नसतोच, खोली असते. गोधडीने संवाद सुधारले तर कुठल्याही खरेदीआधी पडद्यावर खर्च करा.

सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर फूट-दीड फूट पुढे ओढा. भिंतीलगत बास (खालचा आवाज) नेहमी फुगतो.

पहिली खरेदी: रिसीव्हर

रिसीव्हर आधी घ्यायचा, कारण पुढे येणारा प्रत्येक स्पीकर त्यालाच जोडला जाणार आहे. एचडीएमआय एआरसी (त्याच केबलवरून टीव्हीचा आवाज रिसीव्हरला परत देणारी सोय), सबवूफरसाठी प्री-आउट (सबला सिग्नल देणारा सॉकेट) आणि आवाज जुळवायचा माइक, या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आलं, म्हणून त्याआधीचा रिसीव्हर स्वस्त मिळाला तरी तो टीव्हीला ऑप्टिकलनेच जोडावा लागेल. डॉल्बी डिजिटल ५.१ ऑप्टिकलवरूनही येतं.

वापरलेला रिसीव्हर बघायला जाताना एक छोटा स्पीकर, थोडी वायर आणि एचडीएमआय केबल सोबत न्या. मेनूमधला टेस्ट टोन लावून पाचही चॅनेल त्याच स्पीकरवर एकेक करून ऐका. एचडीएमआयचे सगळे सॉकेट तपासा. जुन्या रिसीव्हरमध्ये आधी मरतं ते एचडीएमआयचं बोर्ड, आणि त्याची दुरुस्ती परवडत नाही. अर्धा तास चालवून वर हात ठेवा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर सोडा. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कधीकधी चांगला माल दिसतो, पण विजेवर लावून बघायची सोय नसेल तर तिथून फक्त स्टँड आणि ब्रॅकेट घ्या.

घरी आणल्यावर जुने छोटे स्पीकर त्याला जोडण्याआधी मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येकाच्या दोन वायरींवर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३.२ ते ३.६. बहुतेक रिसीव्हर ६ ओहमच्या खाली चालवायचे नसतात. आकडा साडेचारच्या खाली असेल तर ते स्पीकर जोडू नका, पुढची जोडी येईपर्यंत थांबा. जुन्या डब्याला मागे सहा आरसीए (गोल पिनचे) इनपुट असतील, तर रिसीव्हरचा सबवूफर प्री-आउट त्याच्या सबच्या इनपुटला द्या. नवा सबवूफर येईपर्यंत तो डबा सबवूफर म्हणून चालून जातो.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर असेल तर ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर न्या. एआरसीवर पीसीएम म्हणजे फक्त स्टीरिओ. ही एक चूक राहून गेल्यामुळे मागचे स्पीकर महिनोन् महिने मुके राहतात आणि लोक रिसीव्हरला दोष देतात. रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका. वर निदान १०-१५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. पुण्याच्या एप्रिलमध्ये बंद कप्पा म्हणजे भट्टीच होते.

वायर

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत ‘स्पीकर वायर’ मागाल तर रंगीत पारदर्शक वायर दाखवतील. तिच्यापेक्षा १.५ स्क्वेअर एमएमची दोन कोअर फ्लेक्सिबल मागा. या जाडीच्या तांब्याचा रोध जाऊन-येऊन १० मीटरला ०.२३ ओहम पडतो, आणि ६ ओहमच्या स्पीकरलाही तेवढा चालतो. १० बाय १४ च्या हॉलला भिंतीच्या कडेने फिरवून २५ मीटर लागते, ३० घ्या. पैसे देण्याआधी टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, आणि त्याचा रोध जवळपास दीडपट असतो.

टोक सोलताना सेंटिमीटरभरच सोला आणि तारा चिमटीत घट्ट पिळून घ्या. टर्मिनलमध्ये खुपसताना केसाएवढी एखादी तार बाहेर राहते आणि शेजारच्या टर्मिनलला टेकते. मग आवाज वाढवला की रिसीव्हर ‘कट्’ करून बंद होतो आणि डिस्प्लेवर ‘प्रोटेक्ट’ येतं. नवा रिसीव्हर बिघडला असं वाटून दुकान गाठण्याआधी सगळी टर्मिनल टॉर्चच्या उजेडात बघा.

पुढची जोडी, आणि कागदावर सेंटरचा मॉडेल नंबर

इथे घाई करू नका, कारण या खरेदीवर पुढचा सेंटर ठरतो. डावा, उजवा आणि सेंटर एकाच मालिकेतले असावेत. तसे नसले तर पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या मोटारीचा आवाज मध्येच बदलतो. म्हणून जोडी घेतानाच त्या मालिकेतल्या सेंटरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि तो अजून बाजारात आहे का ते विचारा. मालिका बंद होत आली म्हणून जोडी सवलतीत मिळत असेल, तर त्याच दिवशी सेंटरही उचला आणि सबवूफर चार महिने पुढे ढकला. क्रम मोडायला एवढं एकच कारण मान्य.

सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे एका वॉटला किती आवाज निघतो त्याचा, आकडा वाचा. ८५ डेसिबलच्या स्पीकरला जेवढे वॉट लागतात, तेवढ्याच आवाजाला ८८ डेसिबलचा स्पीकर निम्म्यात भागवतो. साध्या रिसीव्हरवर ८७-८८ च्या पुढचे घ्यावेत. ५ ते ६.५ इंचांचा वूफर या खोलीला पुरतो. टॉवर स्पीकरवर पैसे घालवू नका, खालचा बास सबवूफर सांभाळणार आहे.

जोडी वापरलेली घेत असाल तर जाळी काढायला लावा. कोनच्या (आवाज काढणाऱ्या हलत्या शंकूच्या) कडेची रिंग फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. भुगा हाताला लागला तर रिंग संपली. रबराची रिंग पुष्कळ जास्त टिकते. मग चार बोटांनी कोन सगळीकडून सारखा, अगदी हळू आत ढकला. खरखर ऐकू आली तर आतली कॉइल घासतेय. तसा स्पीकर कुठल्याही किमतीला नको.

लावताना दोन्ही ट्वीटर (बारीक आवाजाचे वरचे छोटे भाग) कानाच्या उंचीला आणा आणि बसायच्या जागेपासून दोघांमध्ये ४५ ते ६० अंशांचा कोन ठेवा. सोफा टीव्हीपासून ९ फुटांवर असेल तर दोन स्पीकरमध्ये साधारण साडेसात ते दहा फूट अंतर येतं. एकाच स्पीकरचं लाल-काळं उलटलं की बास गायब होतो आणि आवाज मधोमध न येता विस्कटतो. वायर भिंतीमागून आल्यामुळे कुठलं टोक कुठलं ते कळत नसेल, तर वायर रिसीव्हरमधून काढा आणि त्या टोकांना घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचं धन टोक स्पीकरच्या लाल टर्मिनलला जाणाऱ्या तारेवर असेल तर कोन बाहेर येतो.

आता रिसीव्हरमध्ये सेंटर ‘नाही’ असं सांगा. संवाद दोन्ही स्पीकरमधून सारखे येऊन टीव्हीच्या मधोमध ऐकू येतील. मधल्या जागेवर बसणाऱ्याला सेंटरची उणीव फारशी भासत नाही, म्हणूनच सेंटर नंतर घेतला तरी चालतो.

सबवूफर

१४ फूट लांब खोलीत ४० हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या रुंदीला ५६ च्या आसपास आवाज साठतो. त्यामुळे त्याच खोलीत एका जागी बास छातीवर आदळतो आणि दोन फुटांवर नाहीसा होतो. जागा शोधायची एक खात्रीची रीत आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. सलग बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत कान जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे बास भरीव पण नीट सुटा ऐकू येतो, तीच सबवूफरची जागा. दिसायला वेडेपणाचं वाटलं तरी यातून मिळणारा फायदा हजारो रुपयांच्या मोठ्या सबने मिळत नाही.

या हॉलला ८ ते १० इंचांचा, स्वतःचा ॲम्प असलेला सब पुरे. सबवरचा क्रॉसओव्हर (कुठल्या हर्ट्झखालचा आवाज सबने घ्यायचा ती मर्यादा) पूर्ण वर, व्हॉल्यूम मध्यावर. रिसीव्हरमध्ये पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. जुने छोटे स्पीकर अजून मागे लावलेले असतील तर त्यांना १२० ते १५०.

जोडल्याबरोबर ‘हंऽऽ’ अशी गुणगुण आली तर सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याची गोल वायर काढून बघा. गुणगुण थांबली तर दोष तिथून येणाऱ्या अर्थिंगचा आहे. त्या वायरला आयसोलेटर (अर्थिंगचा जोड तोडणारा छोटा भाग) बसवा आणि रिसीव्हर व सब एकाच बोर्डावर घ्या. सबच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती पिन जिवासाठी आहे.

सबचा डबा बहुधा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा) असतो आणि एमडीएफ पाण्याने फुगतो. रोज लादी पुसताना फडक्याचं पाणी डब्याच्या बुडाला लागतं आणि पावसाळ्यात ते वाळतही नाही. दोन वर्षांत खालची कड पावासारखी फुलते. रबराचे इंचभर उंच पाय लावा. पोर्टच्या (डब्यातल्या हवेच्या भोकाच्या) तोंडाला आतून नायलॉनची जाळी ताणून बसवा, नाहीतर झुरळं आत घर करतात. खालच्या मजल्यावर धक्के जात असतील तर जाड फोमचा पॅड थोडी मदत करतो, पण हवेतून जाणारा बास त्याने थांबत नाही. रात्री दहानंतर रिसीव्हरचा नाइट मोड लावा. त्याने स्फोट दबतात आणि संवाद तसेच राहतात.

सेंटर आणि मागची जोडी

सेंटर टीव्हीच्या खाली येईल. युनिटच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूने रबराचे दोन तुकडे सारून तोंड कानाकडे वळवा. कप्प्यात आत सरकवला तर आवाज घशातून आल्यासारखा कोंदट होतो.

मागच्या स्पीकरची मालिका वेगळी चालते. इथेच पैसे वाचवा. बसायच्या जागेच्या बाजूला किंवा किंचित मागे, ९० ते ११० अंशांवर, कानापेक्षा फूट-दोन फूट उंच. वाकड-बाणेरकडच्या नव्या इमारतींत भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची) असते आणि तिच्यात साधा प्लॅस्टिक प्लग महिन्याभरात सैल होतो. हार्डवेअरच्या दुकानात त्या ब्लॉकसाठीचा वेगळा प्लग मागा आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा.

प्रत्येक नवा स्पीकर आला की माइकचं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून करा. पंखा आणि एसी बंद, माइक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. मोजून झाल्यावर मेनूत सबवूफरचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा चार-सहा फूट जास्त दिसेल. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज जरा उशिरा निघतो आणि रिसीव्हर ती वेळ अंतरात धरतो. तो आकडा तसाच राहू द्या.