म्युनिकच्या पहिल्या हिवाळ्यातलं वरण

येताना बॅगेत दोन किलो तूरडाळ असेलच. ती संपली तरी घाबरू नका. मसूरडाळ इथल्या सुपरमार्केटात 'रोटे लिन्झेन' नावाने मिळते, तुर्की दुकानात तर मोठ्या पिशव्या असतात. भिजवायची गरज नाही, वीसेक मिनिटांत शिजते.

मला काळजी वाटते ती पातळ वरणाची. 100 ग्रॅम कोरड्या डाळीत 22 ते 24 ग्रॅम प्रथिनं असतात खरी, पण आपण माणशी मूठभर, म्हणजे जेमतेम 30 ग्रॅम डाळ लावतो. त्यातून मिळतात सातेक ग्रॅम. 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 50 लागतात. घरी उसळ, दही, पोळी, दाण्याचं कूट यांतून बाकीचं नकळत पोटात जायचं. इथे एकटं राहताना ताटात उरतं वरण आणि भाताचा डोंगर. तेव्हा डाळ दुप्पट घ्या, वरण घट्ट ठेवा. भात मात्र सोडू नका. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतलं लायसिन डाळीत भरपूर, मेथिओनिन कमी. तांदळाचं नेमकं उलट, म्हणून दोघांची जोडी जमते. वरून लिंबू पिळलंत तर डाळीतलं लोहही अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतलात तर ते वाया जातं, तासभर थांबा.

इथलं पाणी जड आहे, म्हणजे त्यात क्षार जास्त. पहिल्या वर्षी त्यात हरभरे शिजेनात, मी ते जुने समजून टाकून दिले. कडधान्यं रात्रभर भिजवा, फिल्टरच्या पाण्यात शिजवा आणि चिंच, आमसूल, टोमॅटो शिजल्यावरच घाला. सोड्याने लवकर शिजतात, पण ब-1 जीवनसत्त्व कमी होतं.

राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा कधीच लावू नका. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही आणि उलट्या होतात. भिजवलेलं पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा, मग पुढचं.

मटकीला थंडीत मोड येत नाहीत. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, दीड दिवसात येतात. मोडांबरोबर क जीवनसत्त्वही येतं.

डाळीत बी-12 जीवनसत्त्व मात्र अजिबात नसतं. ते दूध, दही, अंडी, मांस-माशांतून घ्यावं लागतं. यातलं काहीच खात नसाल तर पहिल्याच वर्षी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या आणि गोळीचं विचारा.