मोटार घरी ठेवून पेठांत खरेदीला कसे जावे

मोटार कायमची सोडण्याचा संकल्प सहसा पंधरवडाही टिकत नाही, म्हणून सुरुवात एकाच फेरीपासून करावी आणि ती अशी निवडावी की जिथे मोटार सोयीपेक्षा जाचच अधिक देते. पुणेकरांसाठी ती फेरी म्हणजे लक्ष्मी रस्ता, तुळशीबाग आणि मंडई. तिथे जागा शोधत तीन प्रदक्षिणा घालायच्या, शेवटी गाडी लांब कुठेतरी लावायची, वर सम-विषम तारखेच्या पार्किंगचा फलक नीट वाचला ना, या धास्तीत साडी निवडायची, हा अनुभव बहुतेकांना आहे.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी मेट्रोचा जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानके थेट जुन्या शहराच्या पोटात आली. तुळशीबागेसाठी मंडईला उतरावे. कसबा पेठ स्थानक फडके हौदाजवळ असल्याने शनिवारवाड्याकडे जाणाऱ्यांना ते सोयीचे. पिंपरी-चिंचवडकडून येणाऱ्यांना गाडी बदलावी लागत नाही. कोथरूडकरांना मात्र वनाजकडून आल्यावर जिल्हा न्यायालय स्थानकात उन्नत फलाटावरून जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोलवर उतरावे लागते, आणि सरकत्या जिन्यांची ती रांग पहिल्यांदा संपता संपत नाही. त्यांच्यासाठी माझा सल्ला वेगळा आहे: हातात ओझे नसेल तर डेक्कनला उतरावे आणि लकडी पुलावरून, अलका चौकातून लक्ष्मी रस्त्याने चालत जावे. कुंटे चौकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि दुकाने पाहत गेल्यास ती कळतही नाहीत.

खरी अडचण येते ती परतताना, कारण मोटार हवी असते ती माणसांपेक्षा पिशव्यांसाठी. म्हणून जाणे आणि येणे यांचा हिशेब वेगवेगळा करावा. जाताना मेट्रो किंवा पीएमपीची बस, येताना सामान जास्त असल्यास रिक्षा, असे ठरवले तरी पेठांतील एक मोटार कमी झालीच. खांद्याला अडकवता येतील अशा, रुंद पट्ट्याच्या दोन कापडी पिशव्या घ्याव्यात, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीचे बंद पाच मिनिटांत बोटांत रुततात. जड भांडी शेवटी घ्यावीत. लग्नाचा बस्ता असेल तर गठ्ठा घरी पोचवाल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. पैसे दिल्यानंतर आपल्या शब्दाला तेवढे वजन राहत नाही. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर मेट्रो स्थानकाची लिफ्ट कोणत्या प्रवेशद्वाराशी आहे, हे आधी पाहून ठेवावे.

दुकानदारांनीही आपल्या दारात पाहावे. ग्राहकाला जागा मिळत नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे, परंतु सकाळी दहा ते रात्री नऊ दुकानापुढे हलत नाही ती गाडी पुष्कळदा मालकाची किंवा नोकरांचीच असते. ती जागा मोकळी झाली तर दिवसभरात कितीतरी ग्राहकांना उपयोगी पडेल. ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला होता. असे दिवस अधिक हवे असतील, तर ती मागणी व्यापाऱ्यांकडून आल्यास तिला अधिक बळ येते.

नागरिकांनी महापालिकेच्या नागरिक सहभागातील अंदाजपत्रकाचा उपयोग करावा. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे आणि आपल्या प्रभागातील पदपथासारखी छोटी कामे त्यात सुचवता येतात. ‘पदपथ सुधारावा’ एवढेच लिहिल्यास कोणाला काही बोध होत नाही. कोणत्या चौकापासून कोणत्या दुकानापर्यंत फरशा उखडल्या आहेत, पदपथावर मधोमध विजेची पेटी कुठे आहे, व्हीलचेअर चढावी म्हणून उतार कोठे हवा, हे स्वतः चालत जाऊन टिपावे, जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहावा आणि छायाचित्रासह अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यावा. पोच मात्र न विसरता घ्यावी.