एलपीटीच्या विद्यार्थ्यांसाठी निधी आणि मेंटॉर कसे उभे करावेत

पशुवैद्यकीय महाविद्यालयात मांसशास्त्र शिकवले जाते ते पशुजन्य उत्पादने तंत्रज्ञान विभागात. सगळे त्याला एलपीटीच (लाइव्हस्टॉक प्रॉडक्ट्स टेक्नॉलॉजी) म्हणतात. या विभागासाठी माजी विद्यार्थ्यांकडे ‘मांसशास्त्राला मदत करा’ म्हणून गेलात तर सदिच्छा मिळतील, पैसे मिळणार नाहीत. म्हणून सुरुवात एका एमव्हीएससी (पशुवैद्यकातील पदव्युत्तर पदवी) प्रबंधाच्या खर्चापासून करावी.

समजा, अंडी देणे थांबलेल्या कोंबड्यांच्या मांसापासून सॉसेज करायचे आहे. घटकांची तीन प्रमाणे आणि एक कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना), प्रत्येकाची तीन वेळा पुनरावृत्ती, म्हणजे १२ घाणे. घाण्याला दीड किलो धरले तर १८ किलो मांस. प्रमाण बसवण्याच्या प्राथमिक चाचण्यांना तेवढेच धरा. एकूण ३६ किलो. पुढे ४ अंश सेल्सिअसला साठवणुकीचा अभ्यास: ०, ७, १४ आणि २१ व्या दिवशी तपासणी. बारा नमुने, चार दिवस, दोन विरलने (नमुन्याची पातळ केलेली द्रावणे) आणि प्रत्येकी दोन प्लेटा, म्हणजे एकूण जिवाणूसंख्येलाच १९२ प्लेटा. यीस्ट-बुरशीची मोजणी वेगळी. शिवाय खवटपणा मोजण्याच्या टीबीए चाचणीची रसायने, केसिंग (सॉसेजचे वेष्टण), व्हॅक्यूम पाउच आणि बाहेरच्या प्रयोगशाळेची फी. प्रत्येक ओळीपुढे स्थानिक पुरवठादाराचे कोटेशन लावा. ‘१९२ प्लेटांचे मीडिया’ (जिवाणू वाढवायचे माध्यम) ही ओळ देणगीदाराला समजते आणि ती आपण उचलावी असे त्याला वाटते.

पैसे ठेवायचे कुठे हे त्याआधी ठरले पाहिजे. कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. माजी विद्यार्थी संघाची धर्मादाय आयुक्तांकडे, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी असेल तर त्याच संस्थेत वेगळा निधी उघडावा. आयकराची १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी चालू आहे का, तिची मुदत कधी संपते, हे तपासा. ८०जीच्या सवलतीसाठी रोख देणगी २,००० रुपयांपर्यंतच चालते. नव्या करप्रणालीत असलेल्या पगारदारांना ती सवलत मुळात मिळतच नाही, त्यामुळे आवाहनाचा सगळा भार करबचतीवर टाकू नका.

परदेशातल्या बॅचमेटचा मुद्दा इथे हमखास चुकतो. भारतीय पासपोर्ट राखलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. तिथले नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र, ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला मिळणारे) असले आणि रक्कम रुपयांत दिली तरी, परकीय ठरते. संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी नसेल तर ती नम्रपणे नाकारा. त्या व्यक्तीला मेंटॉर होण्याची विनंती करा. त्याला कुठल्याच नोंदणीची गरज नाही.

मोठी रक्कम आली की लोक सुवर्णपदक सुचवतात. आमचे स्पष्ट मत आहे की पदक बहुधा कमीत कमी गरज असलेल्याच्या गळ्यात पडते. त्याऐवजी कायम निधी ठेवा आणि ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे देणगीदाराकडून लेखी घ्या. १० लाखांवर ७ टक्के व्याज धरले तर वर्षाला ७०,००० येतात. विश्वस्त संस्थेने उत्पन्नाचा ८५ टक्के भाग कामावर खर्चावा असा नियम आहे. म्हणजे ५९,५०० दोन विद्यार्थ्यांत वाटा आणि उरलेले १०,५०० महागाईपोटी मुद्दलात घाला. कंपन्यांच्या सीएसआरकडून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) मात्र कायम निधी मागू नका, तो त्यांना देता येत नाही. त्यांच्याकडे त्या-त्या वर्षाचा खर्च मागा आणि संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठी लागणारी) जोडा. देणगीच्या बदल्यात निष्कर्ष आधी दाखवण्याची किंवा प्रकाशन थांबवण्याची अट असेल तर ती रक्कम घेऊ नये.

मेळाव्यात चिकन लोणचे विकूनही पैसे जमतात, पण एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी आणि लेबल हवे. सॉसेजपेक्षा लोणचे सोयीचे: व्हिनेगर घालून सामू ४.६ च्या खाली आणता येतो, तरी प्रत्येक घाण्याचा सामू मोजा. सॉसेज ठेवलेच तर त्याचे तापमान ४ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. ही विक्री आहे, देणगी नव्हे. तिची ८०जी पावती फाडू नये.

वाटप करताना ‘आधी खर्च करा, बिल आणा’ ही पद्धत गरीब विद्यार्थ्याच्या मुळावर येते. त्याच्याकडे आधी घालायला पैसे असते तर तो अर्ज कशाला करता? पुरवठादाराला थेट पैसे द्या, आणि सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) मंजूर झाल्यापासून १५ दिवसांत द्या. मीडिया उशिरा आले की साठवणुकीच्या तारखा हुकतात आणि पूर्ण घाणा पुन्हा करावा लागतो.

मेंटॉर निवडताना प्रबंधाच्या गाईडची संमती सर्वात आधी. बाहेरचा माणूस प्रयोगाची मांडणी बदलायला सांगू लागला की विद्यार्थी दोघांच्या मध्ये सापडतो. म्हणून कागदावरच लिहा: प्रबंध गाईडचा; मांसप्रक्रिया प्लांटमधले काम, एचएसीसीपी (अन्नातले धोके ओळखून रोखण्याची पद्धत), नोकरीची तयारी मेंटॉरची. एका मेंटॉरकडे दोनच विद्यार्थी, महिन्याला ४५ मिनिटे ठरलेल्या दिवशी, आणि सहा महिन्यांत निदान दोन दिवस प्रत्यक्ष प्लांटवर. सलग दोन भेटी हुकल्या तर समन्वयकाने दुसरा मेंटॉर द्यावा, वाट बघत बसू नये.

प्लांटच्या दिवसांसाठी निधीतून एक संच द्या: गमबूट, पांढरा कोट, केसांची जाळी, बोनिंग सुरी, सुरीला धार लावायची स्टीलची कांडी आणि सुरी न लागणारा जाळीचा हातमोजा. हातमोज्यात काटकसर नको; नवशिक्याची सुरी घसरते ती सुरी न धरलेल्या हातावर. कत्तलीचे काम अनेक ठिकाणी पहाटेच सुरू होते, त्यामुळे आदल्या रात्रीचा मुक्काम आणि गाडीचा खर्च हिशेबात धरा. तो न धरल्यामुळे मुलींची नावे यादीतून गळतात, आणि मग त्यांना रस नाही असा चुकीचा अर्थ काढला जातो.

देणगीदारांचा तपशील आयकर खात्याला ३१ मेपर्यंत जातो. त्याच आठवड्यात प्रत्येकाला प्रमाणपत्रासोबत एक पानी हिशेब पाठवा: किती प्लेटा, किती किलो मांस, किती भेटी झाल्या, किती हुकल्या.