‘जेंटलमन जॅक’ पाहायला बसताना वही जवळ ठेवा

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली. त्यामुळे कुठलीही मालिका लागली की मी आधी बघते, जमीन कुणाच्या नावावर आहे. ‘जेंटलमन जॅक’ तशीच बघा, जास्त उमगेल. इंग्लंडच्या हॅलिफॅक्सजवळच्या शिबडेन हॉलची मालकीण अ‍ॅन लिस्टर हिची ही खरी गोष्ट. पर्वं दोन, भाग आठ-आठ.

सबटायटल्स सुरू ठेवा, यॉर्कशरची बोली भरभर सुटते. आणि वहीत पहिल्यांदा नावं लिहा, कारण यात अ‍ॅन तिघी आहेत: स्वतः लिस्टर, तिची आत्या आणि तिची प्रेयसी अ‍ॅन वॉकर. मी ‘लिस्टरबाई’, ‘आत्या’ आणि ‘वॉकर’ असं लिहिलं होतं.

गोष्ट सुरू होते १८३२ मध्ये, पण मागचं माहीत असू द्या. लिस्टरबाईचा भाऊ १८१३ मध्ये बुडून गेला. काका १८२६ मध्ये वारले आणि शिबडेन पुतणीकडे आलं. त्या काळी तिथे लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जाई. ही लग्न करणारी नव्हती, म्हणून घराण्याची जमीन घराण्यातच राहणार होती. पहिल्या भागात ती स्वतः कुळांकडून खंड वसूल करते, तो प्रसंग घाईने पुढे ढकलू नका. रॉसन बंधूंबरोबरचा कोळशाचा वादही नीट ऐका. जमिनीखालचा कोळसा कुणाचा आणि त्याचा भाव काय, यावर तिचं स्वातंत्र्य उभं होतं.

तिच्या प्रेमात आंधळं होऊ नका. तिला स्वतःला मत नव्हतं, पण कुळांनी कुणाला मत द्यावं यासाठी ती दबाव आणायची. मतदान तेव्हा उघड असे, गुप्त झालं ते १८७२ मध्ये. कुळांच्या बाजूचे कागद मी वर्षानुवर्षं हाताळले आहेत, मला हे सोडून देता येत नाही.

ती मधूनच कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशी बोलते, तेव्हा ती तिची रोजनिशी आहे असं समजा. रोजनिशी सुमारे ५० लाख शब्दांची, त्यातला साधारण सहावा हिस्सा सांकेतिक लिपीत. ग्रीक अक्षरं, गणिताची चिन्हं, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. मोडी वाचणाऱ्याला हे लगेच कळेल. आपल्या दस्तांतही ओळ सलग पळते, आणि गावाचं एखादं ओळखीचं नाव सापडलं की बाकीचं उलगडायला लागतं. इथे १८९० च्या दशकात तिच्या घराण्यातला जॉन लिस्टर आणि त्याचा मित्र आर्थर बरेल यांना ‘होप’ हा एक शब्द ओळखता आला आणि लिपी सुटली. आत बायकांवरचं प्रेम होतं. बरेल म्हणाला, जाळून टाक. जॉनने जाळलं नाही, भिंतीवरच्या लाकडी फळ्यांमागे वह्या लपवल्या. त्या माणसाचे उपकार मी मानते.

या लिपीचं मूळ शाळेतल्या मैत्रीत आहे. एलायझा रेन, जन्म मद्रासचा, आई हिंदुस्थानी, वडील कंपनीचे शल्यवैद्य. यॉर्कच्या शाळेत ती आणि लिस्टरबाई भेटल्या. मालिका सुरू होईपर्यंत हे सगळं मागे पडलेलं असतं, पण वहीत एलायझासाठी एक ओळ ठेवा.

पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग वेगळ्या दिवशी पाहा, फोन बाजूला ठेवून. ३० मार्च १८३४, ईस्टर, यॉर्कमधल्या गुडरमगेटचं चर्च. लिस्टरबाई आणि वॉकर या दोघींनी एकत्र प्रसाद घेतला आणि तेच आपलं लग्न मानलं. कुठल्याही नोंदवहीत त्याची नोंद झाली नाही.

दुसरं पर्व संपतं तेव्हा दोघी हयात असतात. पुढचं वाचूनच घ्यावं लागतं. १८४० मध्ये जॉर्जियातल्या कुताइसीला लिस्टरबाई तापाने गेली. वॉकरने तिचा देह हॅलिफॅक्सला आणला. मृत्युपत्राने शिबडेनचा हयातभराचा उपभोग वॉकरला मिळाला होता, लग्न न करण्याच्या अटीवर. पण १८४३ मध्ये तिला वेडी ठरवून घरातून हलवलं.

हे वाचून मैत्रीण रात्रभर जागी होती. आम्ही एकत्र राहतो त्याला आता एकवीस वर्षं झाली, खरेदीखतावर दोघींची नावं आहेत, पण तिच्या हिश्शावर तिचे पुतणे वारस लागतात. पुढच्या सोमवारी आम्ही दोन साक्षीदार घेऊन दुय्यम निबंधकांकडे गेलो आणि एकमेकींच्या नावे मृत्युपत्रं नोंदवून आलो.