गोव्यात चाकांवरचा संसार: शनिवार-रविवारच्या फिरस्तीत या चुका टाळा

गाडीतच राहणाऱ्या जोडप्यांची गोव्यातली पहिली चूक शनिवारी सकाळीच होते. गाडीत घर आहे म्हणून दोघं घरासकट फिरायला निघतात. पणजीच्या फोंताइन्हासमधल्या गल्ल्यांना उंच टपाची व्हॅन मानवत नाही. बाल्कन्या रस्त्यावर झुकलेल्या, वळणं काटकोनी आणि मागे हॉर्न वाजवणारी रांग. व्हॅन मुक्कामालाच ठेवा आणि फिरायला स्कूटर किंवा कदंबची (गोव्याची सरकारी) बस घ्या.

व्हॅन लावताना आधी वर बघा. माडाखाली सावली झकास मिळते, पण वरून नारळ पडतो किंवा अख्खी सुकी झावळी कोसळते. टपावर सोलर पॅनेल असेल तर ते तिथेच संपलं. आंब्याफणसाची सावली बरी.

भाड्याच्या स्कूटरची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी असते, ती स्वस्त मिळाली तरी पोलिसांनी अडवल्यावर भुर्दंड तुम्हालाच. हेल्मेट दोन मागून घ्या. फोनवरच्या नकाशात दुचाकीचा पर्याय निवडा, नाहीतर तो तुम्हाला पणजीच्या अटल सेतूच्या तोंडाशी नेऊन सोडेल. त्या पुलावर दुचाकींना बंदी आहे, पर्वरीकडे जायला शेजारचा जुना मांडवी पूल आहे.

रेतीत चाक रुतलं तर

किनाऱ्यावर गाडी उतरवणं हा गुन्हा आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण गाड्या रुततात त्या डांबर संपून माडांची बाग सुरू होते त्या पट्ट्यात. वर पातेरा पसरलेला असल्यामुळे जमीन टणक वाटते, खाली वीतभर भुसभुशीत रेती असते. चाक एकदा फिरलं की नव्वद टक्के लोक ॲक्सिलरेटर दाबतात. तिथेच गाडी जाते. प्रत्येक फेऱ्यागणिक चाक स्वतःसाठी खड्डा खणतं आणि गाडीचं पोट रेतीवर टेकलं की मग ट्रॅक्टरशिवाय इलाज नाही.

चाक जागच्या जागी फिरायला लागलं की लगेच थांबा. दोघंही खाली उतरा आणि पाण्याचे भरलेले कॅन बाहेर काढा. वीस लिटरचा एक कॅन म्हणजे वीस किलो. ज्या चाकांना इंजिनाची ओढ आहे त्यांच्या मागची रेती ताटाने उपसा (ओम्नी, ईकोमध्ये ही चाकं मागची असतात). चारही टायरची हवा पस्तीसवरून अठरा-वीस पीएसआयवर आणा. हवा कमी झाली की टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि टायर रेतीत शिरण्याऐवजी तिच्यावर चढतो. उपसलेल्या जागी झावळ्या आडव्या घाला. आता आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये, हलक्या पायाने बाहेर या, कारण ती रेती तुमच्याच वजनाने दबलेली असते. दुसऱ्याने बाजूला उभं राहावं, मागे किंवा पुढे नाही, झावळी दगडासारखी उडते. स्टीअरिंग सरळ ठेवा. डांबरावर आल्याबरोबर हवा भरा. कमी हवेवर वेगात वळलात तर टायर रिंगमधून सुटतो.

फेरीबोट आणि ओहोटी

जुने गोवे ते दिवाडी फेरीबोटीत व्हॅन घालायची असेल तर आधी भरतीचं वेळापत्रक बघा. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात तीव्र कोन होतो आणि मागे सायकल रॅक किंवा सांडपाण्याची टाकी लोंबत असेल तर ती घासते. भरतीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते: शनिवारी दहाला असेल तर रविवारी पावणेअकराच्या आसपास. बोटीवर हँडब्रेक लावा, गिअरही टाका. खरं तर दिवाडीला व्हॅन कशाला हवी? पायी जाणाऱ्याला भाडंसुद्धा नाही.

चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यातही भरतीच बघायची. खारफुटीतल्या खाड्यांत पाणी असेल तरच होडी आत जाते.

वार चुकला की दिवस गेला

जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, रेईश मागूशचा किल्ला सोमवारी. बॉम जेझू बासिलिकात रविवारी सकाळी मीस (चर्चमधली प्रार्थना) चालू असते, पर्यटकांनी नंतर जावं. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. मंगेशीलाही तेच.

दूधसागरला कुळ्यातून जीप जाते, आपली गाडी अभयारण्यात सोडत नाहीत. जीपमध्ये सात जण बसतात, त्यामुळे तुमच्यासारखे आणखी पाच जण मिळेपर्यंत खोळंबा होतो. शनिवारी निदान गिऱ्हाईक भरपूर असतं, पण रांगही लांब. सकाळी काउंटर उघडायच्या आधी पोचलात तर निभावेल. पावसाळ्यात जीप बंद असतात, आणि रुळांवरून चालत जाणं गुन्हा आहे.

शेगडी

सूर्यास्त बघत किनाऱ्यावर चहा टाकायचा मोह सगळ्यांना होतो. पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा 2001 चा गोव्याचा कायदा 2019 मध्ये कडक झाला, तेव्हापासून किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो. मागचं दार उघडून शेगडी बाहेर मांडलीत की तो उघड्यावरचा स्वयंपाकच. चहा मुक्कामावरच करून थर्मासमध्ये भरा. भांड्यांचं पाणीही परत घेऊन या, खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) सोडू नका. त्या शेतात कुणाचं तरी भात पिकतं.

रविवारी रात्री परतल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. खारी रेती ब्रेक ड्रममध्ये आणि सायलेन्सरच्या जोडांत बसते, आठवडाभर तशीच राहिली तर गंज धरतो. आधी ब्रेक गार होऊ द्या, मग पाणी मारा.